खिडकी नसलेली खिडकीची जागा

...आणि वर लिहिलंय काय, तर ‘खिडकीतून हात बाहेर काढू नये’! वाचा, वाचा, आपण स्वतः वाचा, माझ्या शब्दावर जाऊ नका. हा पत्रा. इथून तिथपर्यंत सलग पत्रा, मध्ये कोट अडकवायची एक खुंटी, आणि त्या पत्र्याला चार स्क्रू पिळून ही सूचना! हात बाहेर काढायचा झाला तर आधी छिन्नी-हातोडा घेऊन लोहार बोलवावा लागेल! आणि माझ्या तिकिटावर, आसन क्रमांकाच्या शेजारी, स्वच्छ अक्षरांत काय छापलंय? ‘खिडकी’! आता आपण सगळे सुजाण प्रवासी आहात, आपणच सांगा, हिला खिडकी म्हणायचं का? टोपीवाले, आपण तिकडे खऱ्याखुऱ्या खिडकीत बसला आहात, आपल्याला वारा लागतोय, शेतं दिसताहेत, तरी निःपक्षपातीपणे सांगा... बघा, मान हलवली त्यांनी. सुजाण माणूस आहे.

नाही, नाही, गैरसमज नको. मी तक्रार करत नाही. तक्रार करणं मी आज दुपारपासून सोडलेलं आहे. मी केवळ माहिती देतो आहे.

आता कुणी म्हणेल, आजोबा, एवढं काय त्या खिडकीचं? तर आपल्याला सांगतो, माझं चष्म्याचं दुकान होतं. उभं आयुष्य मी काचा घासल्या आणि लोकांना भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. सगळ्यात खालची ओळ, बाबा, खालची वाच, वरची कुणीही वाचतं! तिकिटाचंही तसंच आहे. पुढची बाजू सगळे वाचतात, मागची बाजू कोण वाचतं? मी वाचतो. शाळा माझी फारशी झाली नाही, पण वाचन मी माझं मी केलं, गिऱ्हाईक येईपर्यंत काउंटरमागे बसून, आणि जे मिळेल ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. रेल्वेच्या प्रवासी नियमांचं जाडजूड पुस्तक मला रद्दीत मिळालं. लोक कादंबऱ्या वाचतात, मी ते वाचलं. दोनदा. दुसऱ्यांदा अधिक रंगलं! जावईबापू मला पाठीमागे ‘पोटकलम’ म्हणतात. म्हणू देत. त्यांनाही प्रवासात काही अडलं की फोन मलाच येतो, “बाबा, जरा नियम काय आहे हो?” तर नियम आहे. मी वाचलाय.

तर विषय आमच्या हिचा. आमच्या हिला जन्मात खिडकी मिळाली नाही. म्हणजे लहानपणी दोघी बहिणी प्रवासाला निघाल्या की खिडकीत बसणार हिची ताई. “तू धाकटी आहेस, तुला वारा बाधतो.” झालं! लग्नानंतर पहिल्या प्रवासात खिडकीत मी बसलो... बसलो म्हणजे, दिव्याखालची जागा तीच होती आणि माझ्या हातात पुस्तक होतं, तो विषय वेगळा आहे. मग मुलं झाली, खिडकी मुलांची. मग नातवंडं, खिडकी नातवंडांची. ही आपली नेहमी मधे, मांडीवर डबा, खांद्यावर कुणाचं तरी झोपलेलं डोकं. आता ताई चालली मुलाकडे, समुद्रापलीकडे, कायमची. तिला निरोप द्यायला निघायचं ठरलं, तेव्हा मी हिला शब्द दिला. म्हटलं, या खेपेला खिडकी तुझी. ताईसमोर उतरशील ती खिडकीतून आलेली बाई म्हणून उतरशील! ही म्हणाली, “अहो, कुठंही बसेन मी.” मी म्हटलं, कुठंही नाही. खिडकीत. आरक्षणाच्या रांगेत मी स्वतः उभा राहिलो, आतल्या बाईंकडून शब्द घेतला, तिकिटावर ‘खिडकी’ छापून घेतलं. दोघांचं मिळून एक तिकीट, हे लक्षात ठेवा, एक तिकीट.

सकाळी डब्यात चढलो, आसन शोधलं, आणि बघतो तर... पत्रा! हाच, याचाच सख्खा भाऊ! तीच खुंटी, तीच सूचना!

ही शांतपणे बसलीसुद्धा. वर मला म्हणते, “छान आहे की हो, डोकं टेकायला बरं.” डोकं टेकायला! मी आयुष्यभर काचा घासल्या त्या काय बायकोनं पत्र्याला डोकं टेकावं म्हणून? तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. लोक टीसी म्हणतात, मी तिकीट तपासनीस म्हणतो, माणसाच्या हुद्द्याचा मान ठेवावा. तरुण होता, दमलेला होता, एक पेन कानावर आणि दुसरं तो शोधत होता. मी म्हटलं, महोदय, या आसनाची खिडकी कुठे आहे?

“आजोबा, नंबर खिडकीचा आहे.”

नंबर मी वाचला. खिडकी कुठे आहे?

“खिडकी नाहीये. पण जागा खिडकीचीच आहे.”

ऐकलंत? खिडकी नाही, पण जागा खिडकीची! म्हणजे उद्या मी गिऱ्हाइकाच्या हातात रिकामी फ्रेम ठेवायची आणि म्हणायचं, काच नाही, पण चष्मा काचेचाच आहे! मी त्याला हेच सांगितलं. तो म्हणाला, “आजोबा, डबा बदललाय. नेहमीचा कामाला गेला, त्याच्या बदली हा जोडलाय. नव्या डब्यात खिडकी एक रांग पुढे सरकलीय. त्याला मी काय करू?” मी म्हटलं, पहिली गोष्ट, मी आपला आजोबा नाही. दुसरी गोष्ट, डबा बदलला तरी प्रवाशाचा हक्क बदलत नाही. नियम आहे. मी वाचलाय.

“कुठला नियम?”

मी म्हणून दाखवला. तोंडपाठ! कलम, पोटकलम, त्याखालची टीप! समोरच्या बाईंनी विणकामाच्या सुया खाली ठेवल्या. पलीकडचे दोघे पत्ते खेळत होते, त्यांनी डाव थांबवला. मी तिकीट हातोहात फिरवलं, म्हटलं, वाचा, आपण साक्षीदार आहात! प्रत्येकानं वाचलं, एकानं तर मोठ्यानं वाचलं. आमची ही पदरानं तोंड पुसायचं निमित्त करून हसत होती, असा माझा संशय आहे.

आता पुढच्या रांगेत, जिथे खिडकी सरकून गेली होती, तिथे एक मफलरवाले गृहस्थ झोपले होते. मफलर तोंडावरून घेतलेला, पोट डब्याच्या तालावर हलतंय, खिडकी सताड उघडी, आणि त्यांना तिचा काडीचा उपयोग नाही! तपासनीस म्हणाला, “थांबा, यांना उठवतो. विचारून बघतो, आजींना बसू देतील.” आणि त्यानं हात पुढे केला... मी तो हात धरला! म्हटलं, खबरदार! झोपलेल्या प्रवाशाला दुसऱ्या प्रवाशाच्या सोयीसाठी उठवता येत नाही. नियम आहे. मी वाचलाय.

“अहो पण तुमच्याचसाठी उठवतोय ना!”

म्हणूनच म्हटलं, नको! मला मेहरबानी नको, मला हक्क हवा! आमच्या हिनं खिडकीत बसायचं ते मान वर करून बसायचं, कुणाच्या उपकाराखाली नाही!

मागून हळू आवाजात, “अहो, मी विचारू का त्यांना?”

तू मधे बोलू नकोस, हा तत्त्वाचा प्रश्न आहे!

टोपीवाले, बरोबर की नाही? बघा, पुन्हा मान हलवली. यांना तत्त्व कळतं. असे श्रोते मिळत नाहीत.

तर शेवटी तपासनिसानं हात जोडले. म्हणाला, “काका...” आजोबावरून काकावर आला, म्हणजे प्रगती होती. “काका, पुढे जंक्शन आहे. गाडी बराच वेळ थांबते. तिथं स्टेशनमास्तर बसतात, त्यांना दाखवा, ते काय म्हणतील ते मला मान्य.” आता यात त्याचा हेतू न्यायाचा होता की मला डब्यातून घालवण्याचा होता, यावर मी भाष्य करत नाही. जंक्शन आलं, मी कोटाच्या खिशात तिकीट ठेवलं आणि उतरलो. ही दारापर्यंत आली. “अहो, चहा प्या आणि परत या. भांडू नका.” मी म्हटलं, मी भांडत नसतो. मी निदर्शनास आणून देत असतो.

स्टेशनमास्तर! आपल्याला सांगतो, असा माणूस मी पाहिला नाही. टेबलावर कपबशी, एक बिस्कीट अर्धं बुडवलेलं, भिंतीवर घड्याळ, आणि चेहऱ्यावर अशी शांतता की जणू त्या स्टेशनात गाड्या येतच नाहीत. मी सगळं सांगितलं. पत्रा, खुंटी, सूचना, कलम, पोटकलम, टीप. त्यांनी एकदाही मला तोडलं नाही. बिस्कीट मात्र चहात तुटून पडलं, ते त्यांनी चमच्यानं काढून खाल्लं, आणि म्हणाले,

“तुमचं अगदी बरोबर आहे.”

मी खुर्चीत बसलो! आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेच्या माणसानं हे वाक्य उच्चारलं होतं!

“तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आजोबा, पण मला डब्याला खिडकी पाडता येत नाही. मला फक्त शिक्का मारता येतो.”

मग मारा!

“कुठला मारू? तीन आहेत माझ्याकडे. एक तारखेचा. एक ‘नाशवंत माल’. आणि एक...” त्यांनी खालचा खण ओढला, तो निघेना, त्यांनी पाय लावून ओढला, आणि आतून एक शिक्का काढला, लाकडी मुठीचा, धुळीनं माखलेला. फुंकर मारली. “हा एक ‘प्रवास खंडित’. लांबच्या तिकिटावर प्रवाशाला मधे उतरून मुक्काम करायचा हक्क असतो ना, त्याचा.”

मी म्हटलं, मला सांगता? मी वाचलाय तो! काय सुंदर कलम आहे ते! लांबच्या पल्ल्याचा प्रवासी वाटेत आपल्या मर्जीनं उतरेल, विसावा घेईल, आणि त्याच तिकिटावर पुढच्या गाडीनं जाईल. म्हणजे रेल्वेनं माणसाला माणूस मानलं आहे!

मास्तर त्या शिक्क्याकडे बघत राहिले. म्हणाले, “मी इथं आल्यापासून हा हक्क कुणी मागितलाच नाही. सगळ्यांना घाई. शाईसुद्धा लागली नाही याला.”

आता आपण म्हणाल, इथे माणसानं सावध व्हायला हवं होतं. कबूल. पण माझी बाजू बघा! समोर एक हक्क पडलेला आहे, छापील, मंजूर, कुणी न वापरलेला, धूळ खात... दुकानात उत्तम काच कपाटात पडून राहिली की माझा जीव तुटायचा! मास्तर म्हणाले, “पण हा मारला की तुमचा प्रवास इथं थांबला हं. पुढची गाडी.” तेही सांगितलं त्यांनी, मी त्यांना दोष देत नाही. आणि मी काय म्हटलं ठाऊक आहे? मी म्हटलं, मला नियम शिकवू नका! हक्क आहे ना? मग मारा!

मारला. दणकन. खाली मास्तरांच्या अक्षरात ‘एक प्रवासी’, सही, वेळ. काय ठसा उठला होता! अक्षर न् अक्षर सुटं. मी चष्मा पुसून दोनदा वाचला, आणि इतका वाचनात गुंगलो की बाहेर शिट्टी झाली तेव्हा भानावर आलो.

धावत फलाटावर! गाडी अजून उभी होती. दारात तपासनीस, गार्ड हिरवा झेंडा काढतोय. तपासनीस ओरडला, “आजोबा, चढा! चढा लवकर!” मी दाराशी पोचलो, दांडीला हात घातला... आणि हात काढला.

का? कारण शिक्का बसला होता!

मी म्हटलं, महोदय, मला या गाडीत चढता येणार नाही. माझा प्रवास खंडित झालेला आहे.

“काय झालाय?”

खंडित! अधिकृतरीत्या! खंडित प्रवासाचा प्रवासी त्याच गाडीत परत चढू शकत नाही. नियम आहे. मी वाचलाय.

“अहो मी टीसी आहे! मी सांगतोय, चढा!”

आपल्याला तो अधिकार नाही!

“आजोबा, तुमचं तिकीट आहे, तुमची जागा आहे, तुमचा हक्क आहे!”

मुळीच नाही!

बघा म्हणजे! सकाळपासून मी म्हणतोय हक्क आहे, तो म्हणतोय नाही. आणि आता तो गळ्याच्या शिरा ताणून म्हणतोय हक्क आहे, आणि मी त्याला पटवून देतोय की नाही! गार्ड शिट्टी तोंडातून काढून विचारतो, “यांना जायचंय की नाही?” तपासनीस म्हणतो, “जायचंय!” मी म्हणतो, जायचंय, परंतु जाता येत नाही! गार्डनं शिट्टी परत तोंडात घातली. फुंकली. गाडी हलली.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिकीट माझ्या खिशात आहे! दोघांचं! एक! म्हणजे आमची ही गाडीत, आणि तिकिटाशिवाय! मी फलाटावरून चालत चालत, काठी उंच करून, कर्तव्य म्हणून ओरडलो: तपासनीस! माझी पत्नी या क्षणापासून विनातिकीट प्रवास करते आहे! याची नोंद घ्यावी!

तो दारातून कपाळाला हात लावून ओरडला, “आजोबा, तुमचं तिकीट अख्ख्या डब्यानं वाचलंय!”

आणि डबा माझ्या समोरून पुढे सरकायला लागला. आधी पुढच्या रांगा गेल्या. मग खिडकी आली... आणि खिडकीत कोण?

आमची ही!

कोपर खिडकीच्या चौकटीवर, केसांची बट वाऱ्यावर, आणि शेजारी मफलरवाले गृहस्थ, जागे, हसतमुख, तिच्या डब्यातून काहीतरी खात! तिनं मला पाहिलं. आधी दचकली, मग हात हलवला. आणि मी, शिक्का मारलेलं तिकीट हातात धरून, फलाटावर. हात हलवला मीही. काय करणार? फलाटावर उभ्या माणसाला तेवढाच हक्क असतो.

फोन? फोन हिच्या पिशवीत. मी परत मास्तरांकडे. आता पंचाईत अशी, की स्टेशनातला फोन प्रवाशाच्या खाजगी कामाला वापरता येत नाही. नियम... आहे. मी तो सांगायला तोंड उघडलं, आणि मास्तरांनी स्वतःच्या खिशातला मोबाइल माझ्यापुढे धरला. आपल्याला खरं सांगतो, त्या क्षणी मी कुठलंही कलम म्हटलं नाही.

“अहो, कुठं आहात? चढला नाहीत?”

माझा प्रवास खंडित झालाय.

“ते आलं इथवर ऐकू.” पलीकडे वाऱ्याचा आवाज, आणि कुणीतरी हसतंय. “जेवलात का?”

ते राहू दे. तू खिडकीत कशी?

“विचारलं.”

काय विचारलं?

“तुम्ही उतरलात, ते उठले, तर म्हटलं, भाऊ, मी बसू का जरा खिडकीत? म्हणाले, बसा की ताई, मला वारा बाधतो.”

बाधतो! सकाळपासून त्या माणसाला वारा बाधत होता, आणि मी त्याच्या झोपेचं कायद्यानं संरक्षण करत होतो! मी म्हटलं, म्हणजे नुसतं विचारलंस? कशाच्या आधारावर?

“आधार कसला मेला? विचारलं. आणि ऐका ना...” इथे तिचा आवाज एकदम लहान झाला, फ्रॉकमधल्या मुलीसारखा. “नदी आलीय बघा. एवढी मोठी नदी लागते या वाटेला, मला ठाऊकच नव्हतं हो. इतक्यांदा गेलो, मला कधी दिसलीच नाही.”

माझ्या सबंध पुस्तकात यावर टीप नाही.

मग म्हणाली, “ताई स्टेशनवर येणारे. तिला सांगते, खिडकीतून आले म्हणून. तुम्ही संध्याकाळपर्यंत या सावकाश. आणि हे बघा, तिथं कुणाशी...” आणि पुलाच्या खडखडाटात आवाज गेला. काय सांगणार होती ते मला कळलं नाही असं मी म्हणणार होतो, पण कळलं.

तर शब्द मी पाळला. खिडकी तिला मिळवून दिली. मी उतरलो म्हणून मिळाली, हा तपशील झाला!

मास्तरांनी मला या गाडीत बसवून दिलं. निघताना म्हणाले, “आजोबा, तुम्हाला खास खिडकीची जागा दिलीय बरं का!” आणि डोळे असे मिचकावले, की मला तेव्हाच कळायला हवं होतं... असो. आलो, बसलो, पत्रा पाहिला. तपासनीस येऊन गेला, आपण पाहिलंत. म्हणाला, “काही अडचण?” मी म्हटलं, काही नाही. उत्तम पत्रा आहे. डोकं टेकायला बरा.

आता आपण विचाराल, एवढं सगळं मी आपल्याला का सांगितलं? तर त्याचं असं आहे. ती नदी आता येईल. पुलाचा आवाज मला ओळखीचा झालाय, फोनवर ऐकलाय. ताईकडे पोचलो की आमची ही पहिलं विचारणार, “नदी पाहिलीत?” आणि मला पत्र्याचं वर्णन करायचं नाही. तेव्हा मी ठरवलं, की आपणही विचारून बघावं. नुसतं. कलमाशिवाय. आयुष्यात कधी केलं नाही, जरा प्रस्तावना लांबली, सवय नाही. पण विचारतो.

तर, टोपीवाले... अहो टोपीवाले, मी बसू का जरा...

टोपीवाले?

झोपलेत का हो हे?... कधीपासून? म्हणजे ती मान... तत्त्वाला... अगदी पहिल्यापासून?

नको! नको, बाई, हात लावू नका त्यांना! खडखडाट? हो, ऐकू येतोय मला, पूलच आहे. तरी नको. झोपलेल्या प्रवाशाला उठवता येत नाही.

नियम आहे हो. मीच वाचलाय.